शुक्रवारच्या रेकॉर्डी

डीप हाउस या नृत्यसंगीताच्या प्रकारात दर शुक्रवारी जगभरातून इतके नवे ट्रॅक बाहेर पडतात, की एखाद्याने नोकरीधंदा सोडून आठवडाभर हेडफोन लावून बसायचे ठरवले तरी पुढचा शुक्रवार उजाडेपर्यंत त्याचे ऐकून संपणार नाही. जुलै २०१५ पासून बहुतेक मोठ्या बाजारपेठांनी नव्या संगीतासाठी शुक्रवार हा एकच वार ठरवून घेतला, तेव्हापासून ट्रॅक्ससोर्स, बीटपोर्ट आणि बँडकॅम्प या ऑनलाइन दुकानांची पाने त्या दिवशी एकदम भरून वाहतात. मी त्या गर्दीत हात घालणाऱ्यांपैकी एक आहे. माझा व्यवसाय निराळा आहे. वाजवणे अधूनमधून होते, पुण्यातल्या लहान जागांमध्ये आणि हंगामात गोव्यात. पण शुक्रवारची रात्र मी शक्यतो या कामासाठी मोकळी ठेवतो.

ज्यांना हे संगीत आवडत नाही ते हमखास विचारतात, की यात नवे असे काय असते. प्रश्न खवचटपणे विचारला जात असला तरी तो रास्त आहे. मिनिटाला साधारण ११८ ते १२४ ठोके, प्रत्येक ठोक्यावर किक (मोठ्या ड्रमचा धप्पकन आवाज), दोन ठोक्यांच्या नेमक्या मध्यावर उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी), खाली गोलसर बेसलाइन आणि वर मायनर सेव्हन्थ किंवा नाइन्थ जातीच्या, थोड्या उदास आणि थोड्या उबदार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), हा सांगाडा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाला आणि आजही बव्हंशी तसाच उभा आहे. चाळीस वर्षे तोच सांगाडा वापरणाऱ्या संगीतात दर आठवड्याला नवे शोधत बसणे बाहेरून हट्टासारखे दिसत असेल. माझे म्हणणे असे आहे, की या प्रकारातली चांगली रेकॉर्ड मुद्दाम अपुरी ठेवलेली असते. ती पुरी होते दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डच्या संगतीत, डान्सफ्लोअरवर, कुणा डीजेच्या हातून. आणि म्हणून नवी रेकॉर्ड घेणे म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डींना नवी सोबत शोधणे असते.

हा अपुरेपणा आला कुठून, ते पाहायचे तर शिकागोला जावे लागते. तिथल्या साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या २०६ क्रमांकाच्या इमारतीत १९७७ पासून ‘वेअरहाउस’ हा क्लब चालत असे आणि फ्रँकी नकल्स तिथे शनिवारची रात्र वाजवत असे. येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण, ज्यांना शहरातल्या इतर जागांमध्ये मोकळेपणाने नाचणे सोपे नव्हते. हाउस हे नाव त्या क्लबवरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि २०२३ मध्ये शिकागो शहराने त्या इमारतीला वारसावास्तूचा दर्जा दिला. पण डीप हाउस या हाउसच्या शाखेच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस त्याच शहरातला लॅरी हर्ड. तो मुळात ड्रमवादक. मनातल्या चाली कुणावर अवलंबून न राहता स्वतःच बसवता याव्यात म्हणून त्याने रोलंड कंपनीची दोन यंत्रे जवळ केली, जूनो-६० हा सिंथेसायझर आणि टीआर-९०९ हे ड्रम मशीन, आणि ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने जे ट्रॅक केले त्यातला ‘कॅन यू फील इट’ हा १९८६ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्स या लेबलने काढला.

तो ट्रॅक आज ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की त्यात फार काही घडत नाही. एक बेसलाइन आहे, तिच्यावर लांबवलेल्या कॉर्ड आहेत, ड्रम आहेत. गायन नाही, कळस नाही, श्रोत्याला धक्का देऊन पुन्हा उचलून घेणारी कोणतीही युक्ती नाही. जूनो-६० एका वेळी सहाच स्वर वाजवू शकतो, त्यामुळे कॉर्ड भरगच्च करण्याला यंत्राचीच मर्यादा होती. पण केवळ यंत्राच्या मर्यादेतून असा संयम येत नाही, कारण तीच यंत्रे वापरून त्याच शहरात त्याच काळात कितीतरी लोक आवाजाचा गलका करत होते. हर्डने सोडलेली मोकळी जागा इतकी स्पष्ट होती, की पुढे लोकांनी तिच्यात आपापल्या गोष्टी आणून ठेवल्या. चक रॉबर्ट्स याचे धर्मोपदेशकाच्या थाटातले, हाउसच्या जन्माची कथा सांगणारे निवेदन त्यावर चढवलेली एक आवृत्ती निघाली, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ मधले वॉशिंग्टनचे भाषण त्यावर ठेवलेलीही एक निघाली. दोन्ही आवृत्त्या अजून वाजतात. मला स्वतःला मूळचा, कुणीच काही न बोलणारा ट्रॅक अधिक प्रिय आहे, पण तो इतक्या जणांना बोलण्याची मुभा देऊ शकला ही गोष्ट त्याच्या घडणीविषयी बरेच सांगून जाते.

कॉर्डविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण या संगीताची ओळख कानाला पहिल्यांदा पटते ती तिथेच. पाश्चात्त्य सुगम गाण्यात कॉर्ड एका ठिकाणाहून निघते, ताण निर्माण करते आणि घरी परतते. डीप हाउसमधल्या कॉर्डना घरी परतण्याची घाई नसते. त्यातल्या सेव्हन्थ आणि नाइन्थ स्वरांमुळे प्रत्येक कॉर्डमध्ये किंचित अनिश्चितता उरते, आणि दोन किंवा चार बारची (एक बार म्हणजे चार ठोके) तीच मालिका पुन्हा पुन्हा येत राहिल्याने ती अनिश्चितता कधीच निकालात निघत नाही. त्यात सँपलरने, म्हणजे ध्वनीचा तुकडा उचलून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राने, आणखी एक भर घातली. एखादी अख्खी कॉर्ड सँपल करून ती की-बोर्डच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवली, तर तिच्यातले सगळे स्वर सारख्याच अंतराने वर-खाली सरकतात. संगीतशास्त्राच्या नियमाने जिथे मायनरच्या जागी मेजर यायला हवे तिथेही मायनरच येते, आणि ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन जराशी हलल्यासारखे वाटते. पुढे १९८८ मध्ये कॉर्ग कंपनीचा एम-१ आला आणि त्यातले पियानो व ऑर्गनचे तयार आवाज हाउसमध्ये इतके रुळले, की आज संगणकावर काम करणारी विशीतली मुलेही तेच आवाज शोधून काढतात. ड्रमच्या बाबतीत सगळी गंमत स्विंगमध्ये असते, म्हणजे ठोक्याचे चार भाग केल्यावर त्यातला दुसरा आणि चौथा भाग जरा उशिरा पाडण्यात. हा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो. तो जमला नाही की ट्रॅक शिस्तीने चालतो, पण नाचत नाही.

रेकॉर्डची लांबी आणि बांधणी यांचा इतिहास हाउसच्याही आधीचा आहे. १९७६ मध्ये सॅलसोल या न्यूयॉर्कच्या लेबलने डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची सिंगलच्या रूपात दुकानांत विकायला ठेवले. वॉल्टर गिबन्स या डीजेने मूळच्या छोट्या गाण्याचे तुकडे नव्याने जोडून ते नऊ मिनिटांहून लांब केले होते. डीजेला लागणारी सामग्री म्हणून गाण्याकडे पाहण्याची ती सुरुवात. मोठ्या तबकडीवर खाचांना जागा जास्त मिळते, त्यामुळे बेसचा आवाज दमदार निघतो, आणि लांबी वाढली की गाण्याच्या दोन्ही टोकांना फक्त तालाचे पट्टे ठेवता येतात. डीप हाउसच्या ट्रॅकमध्ये आजही हीच सोय असते. १२० ठोक्यांच्या लयीत एक बार दोन सेकंदांचा होतो, म्हणजे सुरुवातीचे बत्तीस बार हे एक मिनिट आणि चार सेकंद. एवढ्या वेळात पुढची रेकॉर्ड आधीच्या रेकॉर्डच्या लयीत बसवायची, तिचा बेस दाबून ठेवायचा, मग योग्य बारवर एकाचा बेस काढून दुसऱ्याचा सोडायचा. घरी बसून ऐकणाऱ्याला ते मिनिट रिकामे वाटते. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो, कारण दोन अपुऱ्या रेकॉर्डी तिथे काही काळ एकत्र राहतात आणि दोघांच्याही निर्मात्यांनी न ऐकलेले तिसरेच काही त्यातून निघते.

म्हणून शुक्रवारी नवे ट्रॅक ऐकताना मी आधी मधला भाग ऐकत नाही. दुकानाच्या पानावर दोन मिनिटांचा नमुना मिळतो आणि तो बहुधा ट्रॅकच्या मधूनच घेतलेला असतो. हल्ली कित्येक निर्माते त्या नमुन्यासाठीच ट्रॅक रचतात की काय अशी मला शंका येते. मध्यावर सगळी वाद्ये थांबतात, एखादी बाई श्रद्धाळू स्वरात प्रेम आणि एकजूट यांविषयी एखादे वाक्य म्हणते, मग किक परत येते. गायिकेचा आवाज विकत मिळणाऱ्या सँपल-पॅकमधला असल्याने तोच आवाज तीन वेगळ्या लेबलांच्या ट्रॅकमध्ये भेटतो. यातल्या कशातही चूक काढता येत नाही. मिक्सिंग स्वच्छ असते, स्विंग बरोबर असतो, कॉर्ड सुरेल असतात, आणि तरी मी पुढे जातो, कारण तो ट्रॅक स्वतःपुरता संपूर्ण असतो आणि त्याच्याशेजारी दुसरे काही ठेवायला वावच नसतो. याच्या उलट, कधी एखाद्या अनोळखी लेबलचा ट्रॅक नमुन्यात अगदीच साधा वाटतो, बेसलाइन दोन स्वरांची, कॉर्ड एकच. पण हाय-हॅट अशा काही ओढीने मागे राहते, की माझ्या संग्रहातला कितीतरी दिवस न वाजवलेला एखादा ट्रॅक एकदम आठवतो आणि दोन्ही जोडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. असे ट्रॅक मी घेतो. बारा इंची तबकडी परदेशातून मागवायची तर टपालखर्च आणि जकात मिळून होणारी रक्कम कित्येकदा तबकडीच्या किमतीलाही मागे टाकते, त्यामुळे भारतातले बहुतेक वाजवणारे माझ्यासारखेच फाइल विकत घेतात आणि तबकड्या फक्त फार जीव जडला तर. बँडकॅम्पने २० मार्च २०२० रोजी, महासाथीच्या सुरुवातीला, एका दिवसापुरता आपला वाटा सोडून सगळी रक्कम कलाकार आणि लेबलांना दिली आणि मग तसे शुक्रवार वारंवार होत राहिले. लहान लेबलांना त्याचा मोठा आधार झाला, आणि कोणत्या शुक्रवारी खरेदी करायची याचे गणित माझ्यासारख्या लोकांनीही नव्याने मांडले.

डीप हाउस रात्रीच्या कोणत्या वेळी वाजते, हाही या विषयाचा भाग आहे. मोठ्या क्लबांमध्ये रात्री एक-दीडला मुख्य डीजे चढतो तेव्हा लोकांना जोरकस काही हवे असते. डीप हाउसची वेळ त्याच्या आधीची, जागा अर्धी रिकामी असते आणि लोक भिंतीला टेकून, पेला हातात धरून उभे असतात तेव्हाची. या पहिल्या दीड-दोन तासांना वॉर्म-अप म्हणतात आणि नवशिक्याला तो दिला जातो, हे मला नेहमी उलटे वाटत आले आहे. पुढच्या माणसासाठी नाचाचा मजला तयार करायचा, पण त्याचे ट्रॅक आधीच वाजवून टाकायचे नाहीत. लोकांचे खांदे हलू लागले पाहिजेत, पण हात वर जाता कामा नयेत. आवाज इतकाच ठेवायचा की बोलता यावे आणि तरी बेस पोटात पोचावा. या कामाला लागणारा संयम ज्यांच्याकडे असतो ते बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या जाहिरातीवर सर्वांत बारीक अक्षरांत छापलेले असतात.

गोव्यात आणि पुण्यात या वेळापत्रकाला कायद्याने वेगळेच वळण दिले आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि बंदिस्त जागेला नियम वेगळा लागतो. परिणामी समुद्रकिनाऱ्यावरचा किंवा गच्चीवरचा कार्यक्रम दुपारी चारला सुरू होऊन दहाला संपतो. सूर्य मावळण्याच्या आगेमागे एक तास, ऊन तिरपे होऊन वारा सुटल्यावर, ११८-१२० च्या लयीतले डीप हाउस जसे बसते तसे दुसरे काही बसत नाही. जो प्रकार शिकागो आणि न्यूजर्सीच्या खिडक्या नसलेल्या खोल्यांत मध्यरात्रीनंतर वाढला, तो वागातोरच्या कड्यावर उजेडात वाजतो आणि शोभतो. नियम करणाऱ्यांच्या मनात अर्थातच असले काही नव्हते. त्याचा एक तोटाही मी पाहतो, की उजेडातल्या श्रोत्यांना आवडावे म्हणून इथले वाजवणारे अधिकाधिक गोड ट्रॅक निवडू लागतात, आणि ज्या उदासीमुळे हे संगीत मुळात लक्षात राहते ती हळूहळू गाळली जाते. बासरी आणि लाटांचे आवाज घातलेला ट्रॅक समुद्रकाठी वाजवण्यात काय हशील, समुद्र समोरच असतो.

आता संकलनांकडे येतो. डीजेंच्या बोलण्यात त्यांना कंपाइलेशनच म्हणतात आणि त्यांची प्रतिष्ठा हल्ली बरीच उतरली आहे, याला कारणही आहे. अमुक बेटाचा उन्हाळा, तमुक बीचची संध्याकाळ अशा नावांनी लेबले आपले जुने शंभर-शंभर ट्रॅक एका गठ्ठ्यात बांधून स्वस्तात विकतात. त्यात कोणी बसून निवड केली आहे असे कुठेच दिसत नाही. मी ते उघडतही नाही. पण ज्या संकलनामागे एका माणसाचा कान असतो त्याचे महत्त्व नव्या सिंगलपेक्षा कमी नाही, उलट काही बाबतींत अधिकच, कारण अपुऱ्या रेकॉर्डी कशा जोडायच्या याचे उत्तर तिथे ऐकायला मिळते. बर्लिनच्या ‘के-सेव्हन’ या लेबलची ‘डीजे-किक्स’ ही मालिका १९९५ पासून चालू आहे. तिच्यात निवडलेला डीजे सहसा इकडचे तिकडचे, नवे-जुने ट्रॅक गुंफतो. २०२२ मध्ये ही जबाबदारी डेट्रॉइटच्या थिओ पॅरिशकडे आली तेव्हा त्याने वेगळाच डाव टाकला. आपल्या शहरातल्या कलाकारांकडून त्याने नवेच संगीत मागवले आणि त्याचेच संकलन केले, नाव ठेवले ‘डेट्रॉइट फॉरवर्ड’. पॅरिशची ख्याती इक्वलायझरच्या बटणांशी झटापट करत एकाच रेकॉर्डमधून पाच रेकॉर्डी काढणारा म्हणून आहे. त्याने आपली हातचलाखी बाजूला ठेवून ही संधी शहराला देऊन टाकावी, यात मला त्याचा स्वभाव दिसतो. ते सगळेच्या सगळे डीप हाउस नाही, जॅझ आहे, तुटक ताल आहेत, बोलणे आहे. पण त्यातून एका गावाचा आवाज कळतो.

अ‍ॅम्स्टरडॅमचे हाइस्ट हे लेबल दर वर्षाच्या शेवटी ‘द राउंड अप’ नावाने एक संकलन काढते, त्यात त्या वर्षी लेबलवर आलेले कलाकार एकमेकांचे ट्रॅक रीमिक्स करतात. कल्पना साधी आहे आणि मला ती फार आवडते, कारण त्यातून कोणाला कोणाच्या ट्रॅकमध्ये कुठली जागा मोकळी दिसली हे उघड होते. बर्लिनच्याच इनरव्हिजन्सची ‘सीक्रेट वेपन्स’ ही मालिका याच्या दुसऱ्या टोकाची. मोठ्या मजल्यांवर ऐन वेळी बाहेर काढायचे ठेवणीतले ट्रॅक ती पुरवते, आणि ती बाजारात आली की ते ट्रॅक ठेवणीतले उरत नाहीत. जुन्या कामाचे संकलन कसे असावे याचा नमुना म्हणून ‘प्रिस्क्रिप्शन’चे नाव घेतो. रॉन ट्रेंट आणि शे डॅमिए या दोघांनी १९९३ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या या लेबलच्या तबकड्या थोड्या संख्येत निघाल्या आणि पुढे त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. २०१७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या रश अवरने ट्रेंटनेच निवडलेला संग्रह काढला, तेव्हा ज्यांनी केवळ नाव ऐकले होते त्यांना ते ट्रॅक चांगल्या आवाजात मिळाले. त्यातल्या तालवाद्यांच्या थरांखाली कॉर्ड जवळजवळ लपलेल्या असतात आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला कुठे त्या असल्याचे ध्यानात येते.

संकलनाने एखाद्या देशाचा कान कसा घडवला याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र दक्षिण आफ्रिकेचे आहे, आणि युरोप-अमेरिकेवर लिहिणारे त्याला फार लवकर उरकून टाकतात. तिथे वर्णभेदाची राजवट संपत आली त्या काळात हाउसच्या तबकड्या देशात मोजक्या डीजेंच्या हाती येत. काहींनी त्या मुद्दाम संथ लयीत वाजवल्या आणि त्या संथपणातून पुढे क्वाइटो हा तिथला स्वतःचा प्रकार वाढला. सामान्य श्रोत्याला तबकडी परवडणारी नव्हती. त्याच्यापर्यंत हाउस पोचले ते डीजेने मिक्स केलेल्या संकलनाच्या कॅसेटमधून आणि सीडीमधून. हाउस आफ्रिका आणि सोल कँडी या लेबलांनी अशी संकलने सातत्याने काढली. डीजे फ्रेशची ‘फ्रेश हाउस फ्लेवा’ ही मालिका त्यांतलीच. मिनीबस टॅक्सीत, लग्नात, गाडी धुण्याच्या ठिकाणी, घरच्या रविवारच्या जेवणाला ही संकलने वाजत राहिली. त्यामुळे असे झाले, की युरोपातल्या एखाद्या निर्मात्याचा आपल्या शहरात दोनशे माणसांनाही ठाऊक नसलेला ट्रॅक सोवेटोतल्या किंवा मामेलोडीतल्या आज्यांनाही गुणगुणता येऊ लागला. इंग्लंडच्या चार्ल्स वेबस्टरला तिथे जो मान आहे तो पाहून थक्क व्हायला होते, आणि राल्फ गुम हा जर्मन निर्माता तर प्रिटोरियात जाऊन स्थायिकच झाला.

ज्या समाजात डीप हाउस हे मूठभर दर्दींचे संगीत न राहता घराघरातले होते, तिथे त्याच्यात पुढची भर पडणे ओघानेच आले. ब्लॅक कॉफी, कुलो दे साँग, ब्लॅक मोशन या तिथल्या कलाकारांच्या कामात किक तीच आहे, पण तिच्याभोवतीची तालवाद्ये एकमेकांना छेदत जातात आणि गायन रेकॉर्डच्या मध्यभागी निश्चिंतपणे बसते. २०२२ मध्ये ब्लॅक कॉफीच्या ‘सबकॉन्शस्ली’ला नृत्य आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या विभागातला ग्रॅमी मिळाला तेव्हा बातम्यांचा सूर अचानक उगवलेल्या ताऱ्याविषयी असावा तसा होता, मागच्या पाव शतकातल्या संकलनांचा उल्लेख मला फारसा कुठे दिसला नाही. तो अल्बम त्याचे सर्वोत्तम काम आहे असेही मला वाटत नाही, पाहुण्या गायकांची त्यात जरा दाटी झाली आहे. पण आजच्या नव्या रेकॉर्डींमध्ये माझ्या हाताला सर्वाधिक लागणाऱ्या रेकॉर्डी जोहान्सबर्ग, प्रिटोरिया आणि डर्बनच्या असतात. तिथल्या निर्मात्यांना जागा सोडायची भीती वाटत नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी चरणजित सिंग यांचे नाव घेतोच. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकाने १९८२ च्या सुमारास रोलंडच्याच यंत्रांवर, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ यांवर, दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. ती तेव्हा कोणी फारशी ऐकली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा हाउसचा शोध भारतात लागल्याचा आनंद पुष्कळांना झाला. तबकडी विलक्षण आहे यात वाद नाही. पण शिकागोतल्या कोणाच्या कानावर ती गेली नव्हती, आणि डीप हाउसच्या कॉर्डविचाराशी तिचे नाते जवळपास शून्य आहे. रागसंगीतात कॉर्डच नसते. अभिमान बाळगायला तिच्यात पुरेसे आहे, वंशावळ कशाला जोडावी, असे मला वाटते.

नवे कोण काढते आहे याचा विचार करताना मला जुन्या मंडळींचे अप्रूप अधिकाधिक वाटू लागले आहे. लॅरी हर्डने २०१८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, मिस्टर फिंगर्स या नावाने ‘सेरिब्रल हेमिस्फिअर्स’ हा भलाथोरला अल्बम आपल्याच अलिव्हिएटेड या लेबलवरून काढला. त्यात मजल्यासाठीचे ट्रॅक आहेत तसे निवांत बसून ऐकायचेही आहेत, आणि तीस वर्षांपूर्वीचा तो संयम जराही ढळलेला नाही. रॉन ट्रेंटने २०२२ मध्ये ‘व्हॉट डू द स्टार्स से टू यू’मध्ये व्हायोलिनवादक ज्याँ-लुक पोंती आणि ब्राझीलचा आझिमुथ हा गट अशांना सोबत घेतले, तिथे ठोका बराच मागे सरतो आणि काही ठिकाणी तो संगीताला इतका गुळगुळीत करतो की माझे लक्ष उडते, पण पूर्वार्ध मी पुष्कळदा ऐकला आहे. न्यूजर्सीच्या केरी चँडलरने त्याच वर्षी केलेला प्रयोग मला या सगळ्यांत सर्वाधिक जवळचा वाटतो. ‘स्पेसेस अँड प्लेसेस’ या अल्बमसाठी तो आपली यंत्रे घेऊन जगभरातल्या क्लबांमध्ये गेला, आणि क्लब बंद असताना, रिकाम्या खोलीत, तिथल्याच ध्वनियंत्रणेवर ऐकत ऐकत त्याने एकेक ट्रॅक बांधला. लंडनच्या मिनिस्ट्री ऑफ साउंडमधला बेस आणि ग्लासगोच्या सब क्लबच्या बुटक्या छताखालचा बेस यांत फरक असतो हे प्रत्येक डीजेला माहीत असते. चँडलरने त्या फरकालाच रचनेत घेतले. लहानपणापासून डीजे वडिलांच्या सावलीत क्लब पाहिलेल्या माणसालाच हे सुचावे.

या जुन्या मंडळींना त्यांच्या सुरुवातीच्या कामाचे पैसे नीट मिळाले नाहीत, ही तक्रार शिकागोत फार जुनी आहे. हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि दोघांना आपल्या रचनांचे हक्क परत मिळाले. साडेतीन दशके लागली. त्यामुळे ज्या ट्रॅकपासून सगळे सुरू झाले तो आता त्याच्या कर्त्याच्या संमतीने पुन्हा बाजारात येऊ शकतो, आणि अशी पुनर्मुद्रणे दुकानांच्या पानावर इतर शुक्रवारच्या रेकॉर्डींच्या रांगेतच, ‘नवे’ या शीर्षकाखाली दिसतात. डर्बनच्या एखाद्या पोराचा पहिला ट्रॅक वर आणि त्याच्या खाली त्याच्या जन्माआधीचा. मी दोन्ही घेतो आणि पुष्कळदा लागोपाठ वाजवतो. त्यात फक्त गेनची, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाच्या पातळीची, काळजी घ्यावी लागते. नवा ट्रॅक कॉम्प्रेसरमधून दाबून मोठ्या आवाजात उतरवलेला असतो, जुन्याला मोकळा श्वास असतो आणि तो मीटरवर चार-पाच डेसिबल खाली पडतो. म्हणून जुन्याचा फेडर (आवाज सोडणारी सरकपट्टी) उघडण्याआधी हेडफोनवर दोघांच्या किक एकमेकींशेजारी ऐकून गेनचे बटण हळूहळू वर न्यायचे, आणि कॉर्ड येण्याच्या आत ते काम संपवायचे.